कुत्रेवाला, मांजरवाला आणि सूनबाई

सुनेचं बाकी सगळं बाईंनी आठ वर्षांत पोटात घातलं होतं. पण ती ताटावर बसून मेलेल्या माणसांची नावं घ्यायची, हे काही त्यांच्या पचनी पडेना. बरं, ही माणसं घरातली असती, निदान दूरच्या नात्यातली असती, तर एक वेळ समजून घेतलं असतं. तसंही नाही. एकही ओळखीचा नाही आणि एकाचंही नाव एका दमात घेता येईल असं नाही. घास हातात धरायचा, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं: पावलॉव्ह, थॉर्नडाइक, स्किनर, कोहलर. समोर अन्न गार होतंय, शेजारी नवरा पाण्याचा पेला पुढे सरकवतोय, पण हिची समाधी काही उतरत नाही.

"हे कोण गं सगळे?" बाईंनी एकदा विचारलंच.

"आई, माणूस शिकतो कसा, याचे सिद्धांत मांडलेत यांनी."

"जेवायला येणारेत का?"

"नाही."

"मग ताटावर नको. यांच्या नादात मी दोनदा तुझ्या पानात वाढलं आणि दोनदा तू ते तसंच ठेवलंस."

मुलगा हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याला ठसका लागला.

आता यात सुनेचाही नाइलाज होता. सकाळी ती एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. नोकरी तात्पुरती, कायम व्हायचं तर शिक्षकाची पदवी हवी. पदवीचे सगळे विषय सुटले होते, एक सोडून: शैक्षणिक मानसशास्त्र. त्यातही लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. तोंडी परीक्षेत मात्र दोनदा नापास. दोनदा ती परीक्षकांसमोर जाऊन बसली, दोनदा त्यांनी साधा प्रश्न विचारला आणि दोनदा ती अशी गप्प झाली की परीक्षकांनी स्वतः उठून तिला पाणी आणून दिलं. आता तिसरी आणि शेवटची खेप. ती हुकली की पदवी गेली, पदवी गेली की दुसरीचा वर्ग गेला. आणि त्या चाळीस पोरांवर सुनेचा जीव होता. कुणाचा कुठला दात हलतोय हे तिला त्यांच्या आयांच्या आधी कळायचं.

"लिहिताना येतं आणि बोलताना येत नाही, हे कसं?" बाई म्हणायच्या. "हात शिकलेला आणि जीभ अडाणी? आमच्याकडे तर बरोबर उलटं आहे."

ते खरंच होतं. बाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. शाळेनं त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, यावर घरात दोन मतं होती. बाईंचं एकच होतं. पण त्यांचा कोटांचा कारखाना चार गल्ल्यांत नावाजलेला. कारखाना म्हणजे घड्याळजीच्या दुकानावर, सोळा पायऱ्या चढून गेलं की एक लांबट खोली: चार मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्रीचं टेबल आणि एक खिडकी, जिचा उजेड काळ्या कापडाला नेहमी अपुरा पडायचा. मागच्या दोन खोल्यांत घर. कोट खांद्यावर उभा असतो, बाकी सगळं लोंबतं, असं बाईंचं म्हणणं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की माप घ्यायच्या आधीच त्या सांगायच्या, "डावा खांदा अर्धं बोट उतरता आहे तुमचा. ओझं वाहता की बायकोचं ऐकता?"

कारखान्यात तिघं जण कामाला. इस्त्रीवाला सगळ्यांत जुना. काजवाली हातानं काजं करायची. तिचं काज पाहायला लोक बटण काढून बघत. तिसरी नवी. नवी येऊन नऊ वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी टिकलं नाही, म्हणून ती नवीच राहिली. चौथ्या मशीनवर दुपारी शाळा सुटल्यावर सून अस्तरं शिवायची.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. चूक त्या तोंडानं सांगत नसत. मागे येऊन उभ्या राहत आणि हातातली कापडाची मोठी कात्री हवेत दोनदा उघडून मिटत: कट-कट. मग थोडं थांबत. तेवढ्यात ज्यानं त्यानं आपली चूक आपण शोधायची. नाही सापडली, तर मग जीभ चालायची. दोहोंत जास्त धार कशाला, यावर कारखान्यात कधीच एकमत झालं नाही. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर बाई रोज तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. प्रेमानंच. परक्याच्या मुलीवर कोण एवढा वेळ घालवतं?

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा सुनेनं पुस्तक मशीनवर आणायला सुरुवात केली. अस्तराला दोरा घालता घालता ती मोठ्यानं वाचायची आणि कारखान्याचं आपोआप शिक्षण व्हायचं. ती परदेशी नावं बाईंच्या जिभेला मानवेनात, तेव्हा ज्यानं जो प्राणी छळला त्यावरून त्यांनी ओळख पाडली. कुत्रेवाला, मांजरवाला, कबुतरवाला, माकडवाला. एकानं आपल्याच पोरांकडे वर्षानुवर्षं बघत बसून ती कशी विचार करतात ते लिहून काढलं होतं, तो पोरंवाला.

"हा बघत बसला होता तेव्हा पोरांचं दुखलंखुपलं कोण काढत होतं?" बाईंनी विचारलं.

"त्याची बायको असेल."

"तिचं नाव आहे पुस्तकात?"

सुनेनं पान उलटून पाहिलं. "या पुस्तकात तरी नाही."

"मग पुढचा घे."

पुढचा बाहुलीवाला. मोठ्या माणसानं बाहुलीला बडवलेलं पोरांनी पाहिलं की पोरंही बाहुलीला बडवतात, असं त्यानं शोधून काढलं होतं. काजवाली सुई थांबवून म्हणाली, हे विचारायला तो आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर आला असता तर बाहुली वाचली असती.

आणि मग कुत्रेवाला आला. सुनेनं नीट समजावून सांगितलं. कुत्र्याला खायला द्यायच्या आधी दर वेळी घंटा वाजवायची. काही दिवसांनी नुसती घंटा वाजवली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. खाणं नसलं तरी. याला म्हणायचं अभिजात अभिसंधान.

"म्हणजे उपाशी ठेवून लाळ गाळायला लावली," बाई म्हणाल्या. "आणि हा विद्वान."

"आई, माणसांचंही तसंच होतं म्हणतात."

"काहीतरीच. माणसाला डोकं असतं. कुत्र्याला शेपूट असते. ते जाऊ दे, तू मला सांग, तो परीक्षक तुला करतो तरी काय? डोळे वटारतो?"

"नाही हो. फार सभ्य आहेत. प्रश्न विचारतात, मग उठून फेऱ्या मारतात, मागे येऊन उभे राहतात. हातात ते दाबायचं पेन असतं, ते वाजवत राहतात. आणि मला काय होतं कोण जाणे, पाटी पुसावी तसं सगळं पुसून जातं."

"पेन वाजवतो म्हणजे कसं वाजवतो?"

सुनेनं पुस्तकातलं पेन काढलं आणि अंगठ्यानं दोनदा दाबलं. कट-कट.

काजवालीची सुई थांबली. नवीनं मशीनच्या पट्टीवरून पाय उचलले. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून छातीपाशी धरली; इस्त्रीखाली त्या वेळी काहीच नव्हतं. आणि चौघांचे खांदे कानांपाशी गेले. चौथी सून. पेन तिनंच दाबलं होतं, तरी तिचेही गेले.

बाईंनी जन्मभर लोकांचे खांदे वाचले होते. पण ते गिऱ्हाइकांचे. आपल्या माणसांच्या मागे उभं राहताना त्यांची नजर कायम टाक्यावर असायची, कारण चूक टाक्यात असते. आज त्यांना समोर आठ खांदे दिसले, एकजात दोन-दोन बोटं वर, एका मापाचे, जणू एकाच कापडातून काढलेले.

"का रे इस्त्रीवाल्या," त्या म्हणाल्या, "इस्त्री का उचललीस?"

इस्त्रीवाल्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. "उचलली गेली बाई."

"कधीपासून उचलली जाते?"

"सतरा वर्षं झाली असतील. तुम्ही कात्री वाजवलीत तेव्हा खाली कॉलर जळत होती."

"आणि आता खाली काही नसलं तरी?"

"उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या?"

"माझं बरं म्हणायचं," काजवाली म्हणाली. "घरी कुणी दाराची कडी लावली तरी माझ्या हातातलं निसटतं. तीन कप गेले."

"मला कधी बोलली नाहीस."

"कप माझे होते बाई."

सून हळूच म्हणाली, "याला सामान्यीकरण म्हणतात. मूळ आवाजासारखा दुसरा आवाज आला तरी..."

"याला काय म्हणतात ते मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कात्री टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर अस्तराचा एक तुकडा टाकला आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. काजवालीला वाटलं, कुणीतरी गेलं असणार.

बाईंना कळायचं ते कळलं होतं. परीक्षक सभ्य होता. सुनेची वाचा त्यानं नेली नव्हती. ती इथंच, चौथ्या मशीनवर, आठ वर्षांपूर्वी गेली होती, आणि नेणारी व्यक्ती रोज तिच्याच हातचा चहा पीत होती. हे कुणाला बोलून दाखवणं बाईंच्या रक्तात नव्हतं. पण वाकडी शिवण दिसली की ती तशीच सोडणंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून केस विंचरत होती तेव्हा बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मागे नाही, समोर.

"त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"किती कुत्री आहेत? घंटेच्या. त्याला त्यातनं सोडवलं का कुणी? मी आपली कुत्र्यासाठी विचारतेय."

सुनेनं कंगवा खाली ठेवला. तिला हसू आलं असावं, पण ती शहाणी होती. तिनं सांगितलं की नुसती घंटा पुन्हा पुन्हा वाजवली आणि खायला दिलंच नाही, तर हळूहळू ते विरतं. पण भीतीचं असेल तर नुसतं विरायची वाट बघत बसता येत नाही. एक पोर सशाला घाबरायचं. एका बाईनं काय केलं, पोराला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा लांब, खोलीच्या टोकाला ठेवायचा. पोर खात असताना रोज ससा थोडा जवळ आणायचा. शेवटी ते पोर एका हातानं खात होतं आणि दुसऱ्या हातानं सशाला कुरवाळत होतं.

"बाई होती?"

"हो."

"तरीच," बाई म्हणाल्या. "घाबरवून ठेवायला एवढे बाप्ये, आणि निस्तरायला बाई. काय नाव म्हणालीस? असू दे. ससेवाली."

बाईंनी ससेवालीचं आपल्या पद्धतीनं सुरू केलं, आणि अर्थातच ते फसलं. दुपारी त्या काजवालीच्या मागे गेल्या, कात्री वाजवली आणि त्याच दमात म्हणाल्या, "काज चांगलं झालंय." काजवाली बाईंच्या हाताखाली चौदा वर्षं होती. तिच्या डोळ्यांना धार लागली. "काय चुकलं ते तरी सांगा बाई, काढून टाकण्याआधी." इस्त्रीवाल्यानं नम्रपणे विचारलं की डॉक्टरांकडे जाऊन यायचं का.

"लांबून, आई," सून म्हणाली. "आधी खूप लांबून. आणि आवाज येतो तेव्हा तोंडात काहीतरी चांगलं हवं. चांगलं बोलणं नको. त्याची इथं कुणाला सवय नाही."

तेव्हा, परीक्षेला सव्वीस दिवस असताना, ठरलं असं. रोज चार वाजता कारखान्यात चहा आणि बिस्किटं. वर चौघं खात असताना बाई खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून कात्री वाजवणार. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर. असं करत वर.

पहिल्या दिवशी घड्याळजी दुकानातून बाहेर डोकावला. "बाई, कुणाची वाट बघताय?"

"नाही."

"मग कात्री?"

"वाजवतेय."

"कुणासाठी?"

"तुमची बारा घड्याळं दर तासाला बोंबलतात, मी विचारते का कुणासाठी?"

घड्याळजी आत गेला. गल्लीत मात्र बातमी पसरली की मोठ्या बाईंना काहीतरी झालंय. चौथ्या दिवशी एक वकील काळ्या कोटाच्या मापासाठी आले, तर बाई चौथ्या पायरीवर, हातात कात्री, नजर वर. वकील मागून म्हणाले, "जाऊ द्या ना वर."

"थांबा. आज मी चौथीतच आहे."

"पुढे कधी जाणार?"

"रोज एक. दुसरीत शाळा सुटली होती, यंदा बरं चाललंय."

वकील तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. कायदा माणसाला वाट बघायला शिकवतो.

वर काय चाललंय याची खबर नवी द्यायची. सातव्या पायरीला इस्त्रीवाल्याची इस्त्री अर्धीच उचलली गेली. नवव्या पायरीला काजवालीनं आवाज झाला तेव्हा दुसरं बिस्किट घेतलं. आणि सून? सुनेचे खांदे अकराव्या पायरीला एक बोटभरच हलले, असं नवी म्हणाली. बाई त्यावर फक्त "हं" म्हणाल्या; पण त्या संध्याकाळी जेवताना सून डोळे मिटून नावं घेऊ लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच कबुतरवाल्याचं पुढचं विचारलं. कबुतरानं बरोबर कळ दाबली की दाणा; मग कबूतर कळ दाबतच सुटतं. "आणि दाणा बंद केला तर?" बाईंनी विचारलं. "तर काही दिवस चिडून जास्तच दाबतं, मग सोडून देतं." बाईंनी मुलाकडे पाहिलं. "हा लहानपणी असाच होता."

बाराव्या दिवशी घात झाला.

दुपारी वकील कोटाचं फिटिंग बघायला आले. बाईंनी स्वतः कोट त्यांच्या अंगावर चढवला. डावा हात गेला. उजवा हात गेला, पण मग कोपरापाशी असा काही वळला की वकिलांचा तळवा आपोआप मागे, भिंतीकडे झाला. बाईंनी शिवण पाहिली. दोन्ही बाह्या डाव्या. नवीनं उजव्या बाह्या दुसऱ्या गठ्ठ्यात बांधल्या होत्या आणि आदल्या दिवशी बाह्या लावायला सून बसली होती, मांडीवर माकडवाला उघडा ठेवून.

बाईंच्या मनात काही यायच्या आत हात कात्रीवर गेला होता. कट-कट. सुनेच्या थेट कानाशी, गिऱ्हाइकासमोर. आणि पाठोपाठ जीभ: "दोन्ही हात डावे असलेला माणूस धरून आण, मग हा कोट विकते. नाहीतर तूच घाल. तुझेही डावेच दिसतात."

इस्त्री वर गेली. नवीचे पाय वर गेले. सून भिंतीसारखी पांढरी होऊन उभी. वकील भले होते, वातावरण निवळावं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळेत कितवीला शिकवता?" सुनेनं तोंड उघडलं. काही आलं नाही. ज्या चाळीस पोरांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा वर्ग कितवीचा, हे तिला सांगता येईना.

"दुसरीला," शेवटी बाईच म्हणाल्या.

त्या दिवशी चार वाजता चहा झाला, बिस्किटं ताटलीत मांडली गेली, पण कुणी हात लावला नाही. बाई उठल्या. त्यांची पावलं जिन्यावरून उतरताना वर सगळ्यांना ऐकू येत होती. बाराव्या पायरीशी थांबतील असं नवीला वाटलं. पावलं थांबली नाहीत. आठवी गेली, पाचवी गेली, आणि पार तळातून, घड्याळजीच्या दारातून यावा तसा बारीक आवाज आला: कट-कट.

त्यांना परत पहिलीपासून सुरू करायला कुणी सांगितलं नव्हतं. सुनेनं ताटलीकडे पाहिलं आणि एक बिस्किट उचललं.

बाई वर आल्या तेव्हा दमल्या होत्या. "मांजरवाल्याचं मांजर पेटीतनं सुटायच्या आधी किती वेळा चुकलं म्हणालीस?"

"खूप वेळा. पण दर वेळी चुका कमी होत गेल्या."

"मग माझी एकच धर," बाई म्हणाल्या आणि कोटाच्या बाह्या उसवायला बसल्या.

चौदा दिवस उरले होते. आता रोज दोन पायऱ्या. आठ दिवसांत बाई सोळाव्या पायरीवर पोचल्या. मग दार, मग कापायचं टेबल, मग इस्त्रीचं टेबल, आणि बाराव्या दिवशी चौथ्या मशीनच्या अगदी मागे. कात्री वाजली. सुनेनं बिस्किट चहात बुडवलं, किती वेळ बुडवायचं ते जाणून बरोबर वेळेत काढलं आणि खाल्लं. खांदे जिथल्या तिथे. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलली नाही आणि त्यामुळे एका रुमालाचा कोपरा जळला. बाईंनी रुमालाची घडी करून बाजूला ठेवली. दोन दिवस हातात होते.

परीक्षेला बाई बरोबर गेल्या. "मी शिकवायला येत नाही, बसायला येते," त्या म्हणाल्या. कॉलेजच्या लांब बोळात एक बाक होता, समोर परीक्षेची खोली, आणि खोलीचं दार नीट लागत नसल्यामुळे अर्धं उघडं. बाईंना बाकावरून सुनेची पाठ दिसत होती. तेवढी पुरे होती.

परीक्षक खरंच सभ्य दिसले. त्यांनी सुनेला बसायला सांगितलं, पाण्याचा पेला आधीच पुढे ठेवला आणि उठून फेऱ्या मारायला लागले. पेन वाजलं. बाईंनी बाकाची कड धरली. सुनेचे खांदे हलले नाहीत. फक्त तिचा उजवा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला, तिथं ताटली नाही असं त्याला आढळलं आणि तो परत आला.

मग ती बोलायला लागली. अध्ययन म्हणजे काय, परिपक्वता म्हणजे काय, दोहोंत फरक काय. एकदा बोलण्याच्या भरात म्हणाली, "मांजरवाल्याच्या मते..."

"कोणाच्या?"

"थॉर्नडाइकच्या. आमच्याकडे तसं म्हणतात."

परीक्षक थांबले. "आणि स्किनर?"

"कबुतरवाला."

"बरं," परीक्षक म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. "आता अभिजात अभिसंधानाचं एक उदाहरण द्या. पुस्तकातलं नको. कुत्रा नको. तुमच्या स्वतःच्या पाहण्यातलं, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

सून गप्प झाली.

परीक्षकांनी पेन वाजवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पेला थोडा आणखी पुढे सरकवला. समोरच्या कागदावर त्यांचा हात गेला.

बाकावर बाई पुढे सरकल्या. गेलं, त्यांना वाटलं, सव्वीस दिवस जिन्यात गेले. पण मग त्यांनी नीट पाहिलं. खांदे खालीच होते. मान मात्र किंचित दाराकडे वळली होती आणि कानाची पाळी लाल झाली होती. ही भीती नव्हती. भीतीचं माप बाईंना आता पाठ होतं. हिला उदाहरण येत होतं. याहून चांगलं उदाहरण त्या कॉलेजात कुणाकडे नसेल. फक्त ते उदाहरण दाराबाहेर बाकावर बसलं होतं, आणि त्याला ऐकू जात होतं.

आता गप्प बसलं की सून नापास. बोललं की परक्या माणसासमोर आपली अब्रू. बाईंना ठरवायला फार वेळ लागला नाही. त्यांचे गुडघे उठायला वेळ घेत होते एवढंच. त्या दारापर्यंत गेल्या आणि दार बोटानं ढकललं.

"माझं दे की," त्या म्हणाल्या.

परीक्षक वळले. "आपण कोण?"

"मी घंटा," बाई म्हणाल्या. "ही सांगेल. सांग गं. काही गाळू नकोस. बाह्यासुद्धा." आणि दार ओढून घेतलं, पण ते काही लागलं नाही.

मग सुनेनं सगळं सांगितलं. मूळ उद्दीपक कोणता, तर जीभ. जोडलेला उद्दीपक कोणता, तर कात्री. इस्त्री, कॉलर, दाराची कडी, तीन कप. सामान्यीकरण कसं झालं ते सांगताना ती क्षणभर अडली, मग म्हणाली, "सर, तुमच्या पेनाचा आवाज." परीक्षकांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि ते अलगद टेबलावर ठेवलं, झोपलेल्या पोराला ठेवतात तसं. पुढे ते खुर्चीत बसून राहिले. सोळा पायऱ्या आल्या, दोन्ही डाव्या बाह्या आल्या, खाली उतरणं आलं. बाहेर बाई समोरच्या भिंतीवर उडालेला रंग बघत होत्या. स्वतःचं वर्णन त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. त्यात एकही चूक नव्हती, ही त्यातली सगळ्यांत त्रासदायक गोष्ट.

"जोडायला वर्ष लागलं," सून शेवटी म्हणाली, "आणि तोडायला सव्वीस दिवस. पण तोडायचं काम पहिल्यापेक्षा अवघड होतं, कारण ते करणाऱ्या माणसाला स्वतःला बदलावं लागलं. हे कुठल्या सिद्धांतात बसतं ते मला माहीत नाही सर."

"मलाही नाही," परीक्षक म्हणाले. "जा. पास आहात."

सून बाहेर आली. बोळात आणखी तीन जणी आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्या मेलेल्या माणसांची नावं पुटपुटत होत्या. सून बाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"आई, पास."

"ऐकलं. दार लागत नाही त्यांचं."

"तुम्हाला वाईट वाटलं का? मी सगळं..."

"वाईट वाटायला तू खोटं थोडंच बोललीस?" बाई उठल्या, पदर सारखा केला आणि तिच्याकडे नीट, गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं. "आता माझं ऐक. शिवण तुझ्या हाडात नाही. आठ वर्षं पाठीशी उभी राहिले, नाही आली. आणखी आठ राहिले तरी यायची नाही, मग मी कात्री वाजवो नाहीतर पेढे वाटो. पण चौसष्टाव्या वर्षी तू मला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं केलंस, आणि मी राहिले. मला. माझ्या सासूला ते जन्मात जमलं नाही. तू हाडाची मास्तरीण आहेस. तेव्हा उद्यापासून माझ्या मशीनला हात लावायचा नाही. गेलं कापड फुकट तेवढं पुरे."